लायझा मिनेली आणि पेट शॉप बॉइज: 'रिझल्ट्स' (१९८९) पुन्हा ऐकताना

कॅसेटची_फीत | १४ जून, रात्री १०:४०

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. परवा खोकं हातात पडलं, मग बसलोच लिहायला.

खोकं म्हणजे लायझाच्या 'रिझल्ट्स' या अल्बमची २०१७ साली चेरी रेड या कंपनीने काढलेली वाढीव आवृत्ती. तीन सीडी, एक डीव्हीडी. निघून बरीच वर्षं झाली, मला आत्ता मिळालं, तेही वापरलेलं आणि एक कोपरा पार चेपलेलं.

नावं ओळखीची नसतील त्यांच्यासाठी: लायझा मिनेली म्हणजे गायिका-अभिनेत्री जूडी गारलंड आणि दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली यांची मुलगी. 'कॅबरे'मधल्या सॅली बोल्सच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालेली. ब्रॉडवेचा पल्लेदार, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज. पेट शॉप बॉइज म्हणजे नील टेनंट आणि क्रिस लो. एक पूर्वाश्रमीचा संगीत-मासिकाचा सहसंपादक, दुसरा वास्तुशास्त्र शिकता शिकता इकडे वळलेला. सिंथेसायझर, ड्रम मशीन, आणि वर टेनंटचा तो कोरडा, बातम्या वाचल्यासारखा आवाज. १९८६ च्या जानेवारीत 'वेस्ट एंड गर्ल्स' इंग्लंडात विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पुढची तीन-चार वर्षं ही जोडी जे हातात घेईल ते चाललं. १९८७ मध्ये त्यांनी गायिका डस्टी स्प्रिंगफिल्डला, जिला लोक जवळजवळ विसरले होते, सोबत घेऊन एक गाणं केलं आणि ते अमेरिका आणि इंग्लंड दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. त्यानंतर लायझा.

तिचा आधीचा स्टुडिओ अल्बम १९७७ चा. म्हणजे बारा वर्षांचा खंड. वय ४३. त्याच सुमाराला ती फ्रँक सिनात्रा आणि सॅमी डेव्हिस ज्युनियरबरोबर दौरे करत होती (डीन मार्टिनने मध्येच अंग काढून घेतलं, त्याच्या जागी ही). एका संध्याकाळी सिनात्राशेजारी उभं राहायचं आणि दुसरीकडे लंडनमध्ये या दोन पोरांच्या ड्रम मशीनवर गायचं! आणि या काळात तिच्या ध्वनिमुद्रणांची व्यवस्था कोण बघत होतं? 'किस' बँडचा, तोंडाला रंग फासून जीभ काढणारा जीन सिमन्स. मी हे बनवून सांगत नाहीये.

आता माझं. १९९० मध्ये मी हॉस्टेलवर होतो. मामेभाऊ मस्कतहून सुट्टीला आला होता, त्याच्याकडे मूळ कॅसेट. ती माझ्या एका अर्ध्या भरलेल्या कॅसेटवर उतरवून घेतली. नऊ गाणी नीट बसली. दहावं, शेवटचं, मध्येच तुटायचं, कारण फीत संपायची. गाण्याचं नाव 'आय कान्ट से गुडनाइट'. ती बिचारी निरोप घेववत नाही म्हणून सांगतेय आणि खट्! बटण वर. पस्तीस वर्षं माझ्यासाठी ते गाणं तिथेच संपत होतं. इंटरनेटवर कधीही ऐकता आलं असतं, पण नाही ऐकलं. परवा पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. सीडी प्लेअरचा ट्रे उघडत नव्हता, यू-पिनेने उघडावा लागला, पण ऐकलं.

आणि ऐकताना जे वाटलं त्यासाठी हा धागा. तेव्हा मला हा अल्बम आवडायचा तो धडाकेबाज गाण्यांसाठी. 'लूझिंग माय माइंड', 'डोन्ट ड्रॉप बॉम्ब्स'. आज ऐकताना कान अडकला तो 'सो सॉरी, आय सेड' वर. त्यात ती टिपेला जातच नाही. नवरा पुन्हा चुकलाय आणि माफी हीच मागतेय, अशा बाईचं गाणं. अगदी घरातल्या आवाजात. ज्या बाईला 'न्यूयॉर्क, न्यूयॉर्क'मध्ये अख्खं शहर हलवताना ऐकलंय, ती इथे भांडी आवरता आवरता बोलल्यासारखी गाते. माझं म्हणणं असं की या अल्बमात लायझा जिथे जिथे हात आखडता घेते तिथे तिथे तो सर्वांत चांगला आहे, आणि तिला हात आखडता घ्यायला या यंत्रवाल्यांनीच लावलं.

ऐकलेल्यांनी लिहा. न ऐकलेल्यांनी आधी ऐका, मग लिहा.

---

थंड_चहा | १४ जून, रात्री ११:०२

खट् वाचून कॅसेटच्या डब्यात पेन्सिल शोधायला गेलो. मस्त लिहिलंय. सध्या एवढंच, हेडफोन चार्जिंगला आहेत.

---

तिसरी_घंटा | १५ जून, सकाळी ७:१५

फीतदादा, लेख आवडला, मत अजिबात पटलं नाही.

मी नाटकवाली, त्यामुळे माझा राग जुना आहे आणि तो 'लूझिंग माय माइंड'वर आहे. हे गाणं स्टीव्हन साँडहाइमचं, 'फॉलीज' या १९७१ च्या ब्रॉडवे संगीतिकेतलं. गाणारी बाई सॅली. (हीपण सॅलीच, योगायोग.) लग्न होऊन कित्येक वर्षं झालीत, नवरा बरा आहे, पण तरुणपणी जो हातातून गेला तोच अजून डोक्यात बसलाय. सूर्य उगवला, त्याचा विचार. कॉफीचा कप हातात घेतला, त्याचा विचार. कामं होतात, दिवस जातो, झोप येत नाही. बाकी काही म्हणजे काही घडत नाही त्या गाण्यात. आणि रंगमंचावर ती बाई जवळजवळ हलतही नाही. संथ चाल, वाद्यवृंद मागे दबलेला, प्रत्येक ओळीनंतर एक श्वासाची जागा. त्या रिकाम्या जागेतच तिचं वेड आहे. आपण प्रेक्षागृहात बसून ती जागा ऐकत असतो.

आता याच्यावर धडाड् धडाड् ठेका टाकला, की ती जागाच गेली! प्रत्येक फट बुजवून टाकली. म्हणजे एखादं विरहाचं नाट्यपद घ्यायचं आणि वरातीच्या बँडला द्यायचं. वाजेल, लोक नाचतीलही. पण पदाचं काय?

लायझाबद्दल तक्रार नाही. ती गाते जीव तोडून. मला वाटतं तिला त्या यंत्रांच्या वर आपला आवाज पोचवायचाय म्हणूनच ती तशी गाते, आणि तुम्ही म्हणता त्याच्या नेमकं उलट होतं.

---

सोल्डरगन | १५ जून, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, लांबलं तर माफ करा. मी कीबोर्ड दुरुस्त करतो, आणि तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवायचो. त्यामुळे दोन्ही बाजू थोड्या कळतात.

घंटाताई, रंगमंचावर गाणाऱ्याची वाट बघितली जाते. संगीत नाटकात ऑर्गनवाला आणि तबलजी नटाच्या तोंडाकडे बघत बसलेले असतात. त्याने आलाप लांबवला की हे थांबणार, तो समेवर आला की हे ठेका उचलणार. ब्रॉडवेवरही तेच, तिथे काठीवाला कंडक्टर असतो. लायझा अशाच जगात वाढली. तिच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत ऐका, शब्द कधी आधी टाकते, कधी मागे ओढते, आणि अख्खा वाद्यवृंद तिच्या मागे पदर धरून चाललेला असतो.

सिक्वेन्सर, म्हणजे आधी भरून ठेवलेले सूर-ताल आपोआप वाजवणारं यंत्र, कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. १९८३ मध्ये मिडी आलं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड आणि ड्रम मशीन एका तारेने एकमेकांशी बोलू लागले, आणि मग सगळा ताल एका घड्याळाला बांधला गेला. सूर थोडा पुढेमागे वाजला तर यंत्र तो ओढून चौकटीत बसवतं. ज्यांनी इलेक्ट्रॉनिक तबल्यावर रियाज केलाय त्यांना माहीत आहे: तुम्ही तान लांबवलीत तर त्याला काही घेणं नाही, सम गेली ती गेली.

तर अशा यंत्रापुढे ही बाई उभी केली. दौऱ्यावर सगळे हिच्यासाठी थांबतात, इथे कोणी थांबत नाही. आता 'लूझिंग माय माइंड' या कानाने ऐका. ठेका पळतोय, एकसारखा, त्याला थकवा नाही, आणि ती त्याच्यावर स्वार होऊ बघते, एखाद्या शब्दावर रेंगाळू बघते, आणि ठेका तिला ओढून पुढे नेतो. ताई म्हणतात श्वासाची जागा बुजवली. बरोबर. पण डोक्यात एकच विचार घुमतो तेव्हा असते का हो श्वासाची जागा? रात्री अडीचला जागं राहून एकच गोष्ट शंभरदा आठवलेल्या माणसाला विचारा. रिकामी जागा कुठली? चक्की असते ती.

'रेंट' मात्र उलट. पेट शॉप बॉइजचं स्वतःचं १९८७ चं गाणं. त्यांच्या आवृत्तीत यंत्रं आहेत आणि टेनंट शांतपणे सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे, तू माझं भाडं भरतोस. दोन्ही वाक्यं एकाच सुरात, त्यामुळे यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे कळतच नाही. लायझासाठी त्याच गाण्याला वाद्यवृंद दिला, अँजेलो बादालामेंतीकडून ('ब्लू व्हेल्वेट'चं संगीत देणारे). इथे वाद्यं थांबतात, बघतात, ती म्हणेल तसं. आणि गंमत म्हणजे तिथे ती ओरडत नाही. म्हणजे फीतदादांचं निरीक्षण बरोबर, कारण चूक. यंत्रांनी तिला गप्प केलं नाही. यंत्रांशी ती झुंजली. शांत झाली ती वाद्यवृंदापाशी.

---

कॅसेटची_फीत | १५ जून, दुपारी २:०५

सोल्डरगन, तुम्ही एका वाक्यात माझा अख्खा लेख मोडीत काढलात. पण 'सो सॉरी' परत ऐकतो आणि मग भांडतो.

---

थंड_चहा | १५ जून, दुपारी २:११

चक्की +१

ऐकलं. पहिलं गाणं आवडलं, सहावं कुठेतरी ऐकलंय असं सारखं वाटत होतं.

---

कॅसेटची_फीत | १५ जून, दुपारी २:२०

सहावं 'ट्विस्ट इन माय सोब्रायटी', तनिता टिकारमचं. मूळ १९८८ चं, तेव्हा ती पोरगी १९ वर्षांची. वडील फिजीतले भारतीय वंशाचे, जन्म जर्मनीतला, नंतर इंग्लंडात आलेली. एकोणीस वर्षांची मुलगी पन्नाशीच्या आवाजात गाते आणि मग ४३ वर्षांची बाई तेच गाणं घेऊन तरुण व्हायला बघते. मला तिचं हे गाणं जमलेलं वाटत नाही. टिकारमच्या गाण्यात जो धुरकट कंटाळा आहे तो लायझाला येतच नाही, तिला कंटाळा माहीतच नसावा.

---

पेनाइन्सपलीकडची | १५ जून, रात्री ९:४८ (इंग्लंडची वेळ)

मी इथे लिहिण्यापेक्षा वाचतेच जास्त, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

१९८९ च्या उन्हाळ्यात मी उत्तर इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर होते. मिरजेहून आलेली, थंडीने बावचळलेली, इंग्रजी येत असूनही समोरच्याचं न कळणारी. रात्रपाळीला वॉर्डाच्या टोकाला नर्सेसची खोली होती, तिथे एक छोटा रेडिओ कायम सुरू. 'लूझिंग माय माइंड' तेव्हा सतत लागायचं. सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, नंतर अल्बमही तिथेच पोचला.

आमच्यात एक पुरुष नर्स होता, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. गाणं लागलं की हातातलं काम न थांबवता आवाज वाढवायचा. मी विचारलं, ही कोण? त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू ज्ञानेश्वर कोण असं विचारलं होतं. मग पुढचे तीन-चार आठवडे, जसा वेळ मिळेल तसं, त्याने मला जूडी गारलंडपासून सुरू करून सगळं शिकवलं. आई कशी गेली, मुलगी कशी उभी राहिली, 'कॅबरे' का बघायचा. त्याच्यासारख्या पुरुषांसाठी या मायलेकी म्हणजे काय आहेत तेही सांगितलं, मला अवघडायला न होता.

त्याच्या लॉकरमध्ये काळा सूट टांगलेला असायचा. मला वाटायचं रात्री कुठे नाचायला जात असेल. एकदा सहज म्हणाला, घरी नेऊन काय करू, परत लागतोच. इकडे अंत्यविधीला काळा सूट घालतात. त्या दोन वर्षांत एड्सने त्याचे किती मित्र गेले होते ते त्याने मला आकड्यात कधी सांगितलं नाही.

इकडचा तो काळ ठाऊक नसलेल्यांसाठी: १९८८ च्या मे महिन्यात 'कलम २८' लागू झालं होतं. नगरपालिका वगैरे स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेला उत्तेजन देता कामा नये असा कायदा. इंग्लंडात तो २००३ पर्यंत होता. पेपरांत रोज काहीतरी विषारी छापून यायचं. टेनंट तेव्हा स्वतःबद्दल उघडपणे काही बोलत नव्हता, ते १९९४ मध्ये बोलला. पण गाण्यांतून ऐकणाऱ्यांना ऐकू जात होतंच.

म्हणून तिसरी_घंटा, तुमचं सगळं कळतं, पण माझ्या डोक्यात ते गाणं रंगमंचावरच्या सॅलीचं नाहीच. ते त्या खोलीतलं आहे. गेलेल्या माणसाचा विचार करत करत लोक कामं उरकत होते, आणि शनिवारी रात्री त्याच गाण्यावर नाचत होते. त्यांना थांबून, श्वास घेऊन रडायची सोय नव्हती.

'इफ देअर वॉज लव्ह'च्या शेवटी ती शेक्सपिअरचं सुनीत म्हणते, ९४ वं. ज्यांच्यात दुखवण्याची ताकद आहे पण जे दुखवत नाहीत, अशांबद्दलचं. ते सुरू झालं की तो तोंडाने पुटपुटायचा, सगळं पाठ. शेवटच्या ओळीत सडलेल्या लिलीच्या फुलांना तणापेक्षा वाईट वास येतो असं आहे. तेवढं म्हणायचा आणि बेडपॅन घेऊन निघून जायचा.

---

थंड_चहा | १६ जून, पहाटे ३:३०

लॉग आउट करून झोपलो होतो. परत आलो वाचायला. ताई, अजून लिहीत जा.

---

आजीचा_रेडिओ | १६ जून, सकाळी ९:२०

थोडं अवांतर, पण अगदीच नाही.

पल्लेदार आवाजाची, आधीच मोठी झालेली गायिका आणि इंग्लंडातले सिंथवाले, हे जमवण्याचा प्रयोग लायझाच्या पाच वर्षं आधी आपल्या आशाताईंवर झालेला आहे. 'ब्लँकमांज' नावाची सिंथ-पॉप जोडी होती. 'लिव्हिंग ऑन द सीलिंग' हे त्यांचं १९८२ चं गाणं सातव्या क्रमांकावर गेलं होतं, आणि त्यात तबला आहे, पंडित दिनेश यांचा. त्या जोडीतल्या स्टीव्हन लस्कमने पुढे पंडित दिनेश यांना घेऊन 'वेस्ट इंडिया कंपनी' काढली आणि १९८४ मध्ये आशा भोसल्यांकडून 'आवे मारिया' गाऊन घेतलं.

मी ते फार उशिरा ऐकलं, आणि ऐकून खुर्चीतच सरळ झालो. कारण सोल्डरगन म्हणतात ती झुंज तिथे नाही. आशाताईंना घड्याळाच्या ठेक्याचं काहीच वाटत नाही. त्या तालाच्या मधल्या जागेत हरकत घेऊन अचूक समेवर येतात, जणू यंत्र त्यांचीच साथ करतंय. माझी उपपत्ती अशी, की चित्रपटाच्या स्टुडिओत आयुष्य गेलं, तीन मिनिटांत सगळं बसवायची सवय, माइकपाशी कुजबुजायची सवय. लायझा रंगमंचाची. तिला माइक म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्याचं साधन, यांना माइक म्हणजे ऐकणाऱ्याचा कान.

---

सोल्डरगन | १६ जून, दुपारी १:१०

रेडिओकाका, पटलं. आणि हे घेतलं तर फीतदादांचं 'सो सॉरी, आय सेड' सुटतं. तिथे तिला कोणीतरी माइकजवळ आणलंय. ऐका, ओठ उघडल्याचा आवाजसुद्धा येतो. रंगमंचावरचा माणूस स्टुडिओत पहिल्यांदा येतो तेव्हा माइकपासून चार हात लांब उभा राहतो, आम्ही त्याला हाताला धरून पुढे आणायचो.

---

कॅसेटची_फीत | १६ जून, रात्री ८:३०

भांडायला आलो होतो, भांडण मिटलेलं दिसतंय. तरी एक मुद्दा. 'सो सॉरी, आय सेड' टेनंटच्या आवाजातही आहे, कच्ची आवृत्ती, त्यांच्या 'इंट्रोस्पेक्टिव्ह' या अल्बमच्या २००१ च्या पुनर्प्रकाशनात मिळते. 'लूझिंग माय माइंड'ही आहे. टेनंट ते गाणं असं गातो की कॉफीच्या कपाचा विचार करणारा माणूस खरंच फक्त कपाचा विचार करतोय असं वाटावं. आधी ते ऐकून मग लायझाचं ऐकलं की कळतं, शब्द तेच, यंत्रं साधारण तीच, आणि तिने केवढं घर भरलंय.

आता खोक्याबद्दल, कारण दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय घ्यावं का.

पहिली सीडी म्हणजे मूळ दहा गाणी, आवाज स्वच्छ केलेला. माझ्या कॅसेटवर जिथे नुसता फस्स होता तिथे आता मागचे कोरस वेगळे ऐकू येतात. बाकी दोन सीडी म्हणजे रीमिक्स, बारा इंची आवृत्त्या, सिंगल्सच्या आवृत्त्या. मी निष्ठेने बसून ऐकल्या. 'लव्ह पेन्स' (हे मूळ इव्हॉन एलिमनचं, १९७९ चं) इतक्या वेळा येतं की तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, त्या बाईचं दुखणं अजून बरं नाही झालं का.

बारा इंचीचं कारण समजून घेतलं तर राग येत नाही. क्लबातल्या माणसाला एका तबकडीतून दुसरीत जायला आधी आणि नंतर नुसता ठेका लागायचा, म्हणून गाणं ताणून दुप्पट करायचं. ते नाचायचं सामान आहे, खुर्चीत बसून सलग सव्वा तास ऐकायचं नाही. पुनर्प्रकाशन करणारे मात्र जे सापडेल ते भरतात. लग्नाच्या अल्बममध्ये हलू न शकणाऱ्या आजोबांचे अकरा फोटो असतात तसं. मला त्याऐवजी एखादी पूर्ण मुलाखत, गाणं बसवताना झालेली बोलाचाली, असं काही असतं तर जास्त आवडलं असतं.

सिंगल्सची, म्हणजे सुटी विकलेल्या गाण्यांची, कथा छोटी आहे. इंग्लंडच्या यादीत 'लूझिंग माय माइंड' सहाव्या क्रमांकावर गेलं, मग 'डोन्ट ड्रॉप बॉम्ब्स' ४६, 'सो सॉरी' ६२, 'लव्ह पेन्स' ४१. अमेरिकेत अल्बम १२८. तिच्या स्वतःच्या देशात कोणी फारसं विचारलं नाही. 'सो सॉरी' ६२ वर अडकलं याचं दुःख मला यापुढे होत राहणार.

---

तिसरी_घंटा | १६ जून, रात्री ११:५५

दोन दिवस गप्प होते कारण ऐकत होते.

पेनाइन्सताई, तुमचं वाचल्यावर वरातीचा बँड हे शब्द मागे घेते. संपादन करत नाही, चूक राहू दे तिथेच.

पण पूर्ण शरण नाही. एक गोष्ट मात्र मीच विसरले होते. साँडहाइमने हे गाणं लिहिलं तेच मुळी जुन्या धाटणीच्या नकलेत, संगीतकार गर्श्विनच्या 'द मॅन आय लव्ह'च्या वळणावर. नाटकात शेवटी प्रत्येक पात्र आपापला वेडेपणा जुन्या रेव्ह्यूच्या, म्हणजे नाचगाण्यांच्या खेळाच्या, थाटात सादर करतं, त्यात सॅलीच्या वाट्याला हा विरहगीताचा झगा येतो. म्हणजे ते गाणं पहिल्या दिवसापासून उसन्या कपड्यांत उभं आहे. १९७१ मध्ये जुन्या काळचे कपडे घातले, यांनी १९८९ चे घातले. तत्त्वतः मला हरकत घेता येत नाही, याचा त्रास होतोय.

आणि १९८७ मध्ये 'फॉलीज' लंडनला शाफ्ट्सबरी थिएटरात लागलं होतं, ज्युलिया मॅकेन्झी सॅली होती. तिचं गाणं ऐका. मग लायझाचं. मग परत तिचं. मी काल रात्री हे केलं, खिडकी बंद करून, कारण शेजारी बारावीचा मुलगा आहे. मॅकेन्झीच्या वेळी मला सॅलीची कीव आली. लायझाच्या वेळी नाही आली. लायझाच्या वेळी भीती वाटली, हिला कोणीतरी थांबवा असं. शेवटच्या ओळीला ती विचारतेय की माझं डोकं फिरतंय का, आणि ठेका उत्तर न देता तसाच चालू.

तरीही 'रेंट' श्रेष्ठ. यावर मी हटणार नाही.

---

सोल्डरगन | १७ जून, सकाळी ८:०५

'रेंट'बद्दल दुमत नाहीच. आणि 'टुनाइट इज फॉरेव्हर'? पेट शॉप बॉइजच्या १९८६ च्या 'प्लीज' अल्बममध्ये ते पळतं गाणं होतं, इथे संथ केलंय. मूळ गाण्यात आजची रात्र संपणार नाही यावर त्या पोरांचा विश्वास बसतो. हिच्या गाण्यात तिला पक्कं माहीत आहे की सकाळी सहाला दूधवाला येणार.

---

पेनाइन्सपलीकडची | १७ जून, सकाळी ७:३० (इंग्लंडची वेळ)

दूधवाला!! ते वाक्य त्याला सांगायला हवं होतं.

फीतदादा, शेवटचं गाणं पूर्ण ऐकलंत म्हणालात. कसं वाटलं ते लिहिलंच नाहीत.

---

कॅसेटची_फीत | १७ जून, दुपारी ४:४०

लिहिलं नाही कारण ओशाळलो. पस्तीस वर्षं मी मनात त्याचा एक शेवट तयार केला होता, ती शेवटी गुडनाइट म्हणूनच टाकते असा. तसलं काही नाही. माझी फीत जिथे तुटायची तिथून पुढे जेमतेम थोडंसंच उरलेलं होतं, आणि त्यात नवीन असं काही घडत नाही. परत लावलं तेव्हा त्याच जागी माझा हात आपोआप बटणाकडे गेला.

---

थंड_चहा | १७ जून, दुपारी ४:५२

डीव्हीडी चालली का?

---

कॅसेटची_फीत | १७ जून, दुपारी ५:१०

घरात डीव्हीडी लावायला काहीच उरलेलं नाही. पुतण्याचा जुना लॅपटॉप माळ्यावर आहे, रविवारी काढतो. यू-पिन घेऊनच चढेन.